बेचाळीस शिखरं, चोवीस तास आणि एक स्ट्रेचर

"डॉक्टर, गड चढताना फक्त दम लागला. मांड्या भरून आल्या त्या उतरल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी तर जिना उतरता येईना. असं का?" ट्रेकचा हंगाम सुरू झाला की हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. हल्ली त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न असतो. गडावर चालत जाणाऱ्यांपैकी काहीजण आता धावत जाऊ लागले आहेत, मनगटावरच्या घड्याळात वेळ मोजू लागले आहेत. "मागच्या वेळेपेक्षा दहा मिनिटं कमी करायची आहेत, काय करू?" असं ते विचारतात.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका जुन्या गोष्टीत सापडतात. ती इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत घडली. तिथे शंभराहून अधिक वर्षं लोक एकच खेळ खेळत आले आहेत : चोवीस तासांत जास्तीत जास्त शिखरं, आणि तेवढीच शिखरं कमीत कमी वेळात. या खेळात विक्रम मोडले गेले, माणसंही मोडली. पण त्याच डोंगरांत आणि त्याच काळात थकवा, थंडी, वेदना आणि स्नायू यांच्याबद्दल जे कळलं, ते आज तुमच्या-माझ्या उपयोगाचं आहे.

विक्रम करणारे डॉक्टर

इंग्लंडच्या वायव्य भागाला लेक डिस्ट्रिक्ट म्हणतात. तळी, मेंढ्या, दगडी बांध आणि उघडेबोडके डोंगर असा हा प्रदेश. इथे डोंगराला 'फेल' म्हणतात आणि डोंगरधावेला 'फेल रनिंग'. (परीक्षेतल्या 'फेल'शी त्याचा काही संबंध नाही!) इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर, स्काफेल पाइक, इथेच आहे. त्याची उंची ९७८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बरीच कमी. पण ढासळते दगड, दलदल, क्षणात उतरणारं धुकं आणि उन्हाळ्यातही गारठवणारा पाऊस यांमुळे हे डोंगर उंचीच्या मानाने फार अवघड आहेत.

या भागातल्या कसविक गावाशी नातं असलेले डॉ. आर्थर वेकफील्ड यांनी १९०५ मध्ये एक मोठी फेरी २२ तास ७ मिनिटांत पूर्ण केली. हेच डॉक्टर पुढे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत सामील झाले. त्यांचा डोंगरातला विक्रम पंधरा वर्षं टिकला.

१९२० मध्ये तो मोडला यूस्टेस थॉमस या मँचेस्टरच्या इंजिनिअरने. तेव्हा थॉमस पन्नाशीत होता. आणि त्याच्या या प्रयत्नात सोबत करणाऱ्यांमध्ये खुद्द डॉ. वेकफील्ड होते. आपलाच विक्रम मोडू पाहणाऱ्याला वाट दाखवायला विक्रमवीर स्वतः गेला. या खेळातली ही प्रथा पुढेही टिकली आणि तिला वैद्यकीय अर्थही आहे. थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे नीट कळत नाही. ते ओळखणारा दुसरा माणूस जवळ असावा लागतो.

विक्रमवीराचं स्ट्रेचर

थॉमसचं नाव आज विक्रमापेक्षा दुसऱ्याच कारणासाठी घेतलं जातं.

नोव्हेंबर १९२८ मध्ये मँचेस्टरजवळच्या लॅडो कड्यावर एक तरुण गिर्यारोहक पडला. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. सोबत्यांनी मिळेल त्या लाकडाची डोली केली आणि त्याला खाचखळग्यांतून तासन्‌तास वाहून खाली आणलं. वाटेत वेदना कमी करायला काहीही नव्हतं. मँचेस्टरच्या रुग्णालयात विल्सन हे या सर्जनने त्याचा जीव वाचवला, पण पाय कापावा लागला. ('हे' हे त्यांचं आडनाव.) डॉ. विल्सन स्वतः गिर्यारोहक होते. त्यांचं ठाम मत झालं की पडण्यापेक्षा त्या प्रवासाने जास्त नुकसान केलं. मोडलेलं हाड प्रत्येक धक्क्याला हलत होतं, आतला रक्तस्राव वाढत होता, वेदना असह्य होती आणि शरीर थंड पडत होतं. वैद्यकीय भाषेत याला 'शॉक' म्हणतात. घाबरल्यावर बसणारा धक्का तो वेगळा. या शॉकमध्ये रक्तदाब घसरतो आणि अवयवांना रक्त पुरत नाही.

यातून गिर्यारोहकांच्या दोन संस्थांनी मिळून एक समिती नेमली. डोंगरातून जखमी माणसाला न हलवता कसं आणायचं हा तिच्यापुढचा प्रश्न होता. उत्तर थॉमसने दिलं. त्याने आखलेल्या स्ट्रेचरला खाली घसरपट्ट्या होत्या, त्यामुळे ते दगडांवरून आणि गवतावरून सरकवता येई. दांडे लांब करता येत, त्यामुळे अरुंद वाटेवर पुढच्या-मागच्या माणसांना पाय टाकायला जागा मिळे. १९३३ मध्ये समितीने या स्ट्रेचरची शिफारस केली. पुढे कित्येक दशकं ब्रिटनच्या डोंगरी बचाव पथकांनी 'थॉमस स्ट्रेचर' वापरलं. (मांडीचं हाड मोडल्यावर लावली जाणारी 'थॉमस स्प्लिंट' वेगळी. ती लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांची. नाव एकच असल्यामुळे वैद्यकीय विद्यार्थ्यांचाही गोंधळ होतो.)

डॉ. विल्सन यांनी दुसरा लढा दिला तो मॉर्फिनसाठी. अंमली औषधांच्या कायद्यामुळे बचाव पथकांना मॉर्फिन बाळगायला परवानगी नव्हती. त्यांनी ते स्वतः मिळवून पथकांच्या पेट्यांमध्ये ठेवलं आणि सरकारपासून ते लपवलंही नाही. १९४९ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, दहा पौंडांचा दंड झाला. पण प्रकरण इतकं गाजलं की त्यानंतर सरकारने डोंगरी बचाव पथकांना मॉर्फिन ठेवायला मुभा दिली.

अपघातानंतर प्रत्येक मिनिट महत्त्वाचं असतं हे खरं. पण घाईने, हाड न बांधता, माणसाला कसंही उचलून आणणं हा वेग उपयोगाचा नसतो. जखमीला तिथेच स्थिर करा, उबदार ठेवा, मग हलवा, हे तत्त्व रस्त्यावरच्या अपघातालाही लागू आहे.

पायजम्याचा सदरा आणि उकडलेली अंडी

आता त्या प्रसिद्ध फेरीकडे वळू. कसविकमध्ये बॉब ग्रॅहम नावाचा माणूस छोटं अतिथिगृह चालवायचा. १३ जून १९३२ च्या मध्यरात्रीनंतर एक वाजता तो गावातल्या मूट हॉल या जुन्या इमारतीपासून निघाला आणि ४२ शिखरं करून २३ तास ३९ मिनिटांनी तिथेच परत आला. अंतर सुमारे १०६ किलोमीटर. एकूण चढण सुमारे ८,२०० मीटर. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर आहे. तिच्या पाच पट चढायचं आणि तितकंच उतरायचं, तेही एका दिवसात.

पायांत टेनिसचे कापडी बूट, लांब अर्धी चड्डी आणि अंगात पायजम्याचा सदरा असा त्याचा पोशाख होता. खाणं म्हणजे लोणी-पाव, हलकी उकडलेली अंडी, भरपूर फळं आणि गोळ्या-मिठाई. आजच्या क्रीडा आहारतज्ज्ञाने ही यादी पाहिली तर तो फारसा नाराज होणार नाही. पाव, फळं आणि मिठाई यांतून सहज पचणारी पिष्टं आणि साखर मिळते, आणि मुख्य म्हणजे तो थोडं थोडं खात राहिला. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर (ग्लायकोजेन) सलग कष्टाच्या कामात काही तासांतच संपत येते. चरबीचा साठा भरपूर असतो, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते. म्हणून लांब पल्ल्यात पोट चालू ठेवणं हे पाय चालू ठेवण्याइतकंच महत्त्वाचं. अनुभवी धावपटू विनोदाने म्हणतात की ही खाण्याची स्पर्धा आहे, मध्ये मध्ये धावावं लागतं.

ग्रॅहमनंतर तब्बल २८ वर्षं कुणालाही ही फेरी चोवीस तासांत जमली नाही. १९६० मध्ये ॲलन हीटनने ती २२ तास १८ मिनिटांत केली. मग मात्र दार उघडलं. आजवर दोन हजारांहून अधिक लोकांनी ही 'बॉब ग्रॅहम फेरी' पूर्ण केली आहे. तिच्या क्लबचा एक नियम आहे. प्रत्येक शिखरावर तुमच्यासोबत साक्षीदार हवा, एकट्याने केलेली फेरी धरली जात नाही. नियम खरेपणासाठी असला तरी त्याने रात्रीच्या अंधारात कित्येकांचं रक्षणही केलं असणार.

उतार : दम कमी, दुखणं जास्त

१९८२ मध्ये बिली ब्लँड या गवंड्याने हीच फेरी १३ तास ५३ मिनिटांत केली. ग्रॅहमपेक्षा जवळपास दहा तास कमी! तो याच डोंगरांतल्या बॉरोडेल खोऱ्यात राहणारा. तिथल्या लोकांना तो आठवतो तो दगडांवरून उतरण्याच्या त्याच्या कौशल्यासाठी.

इथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर येतं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ब्रेकचं काम करतो. तो जोर लावत असतो, पण त्याच वेळी ताणला जात असतो. १९५२ मध्ये लंडनमध्ये ॲबट, ब्रेंडा बिगलँड आणि रिची या संशोधकांनी याचा एक मजेदार प्रयोग केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने मागे फिरणाऱ्या पेडलला विरोध करायचा. दोघांच्या पायांवर जोर सारखाच, पण विरोध करणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. चणीने लहान बिगलँड यांनी नुसता विरोध करून पेडल मारणाऱ्या रिची यांना दमवलं आणि पाहणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये हशा पिकला.

म्हणजे उतरताना हृदयाला आणि फुप्फुसांना आराम असतो. पण याचीच दुसरी बाजू अशी की त्या वेळी स्नायूचे थोडेच तंतू कामाला असतात आणि प्रत्येक तंतूवर जास्त ताण येतो. त्यांच्यात सूक्ष्म इजा होतात. मग सूज येते, आणि दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचतं. अशा उशिरा येणाऱ्या स्नायूदुखीचा अभ्यास थिओडोर हो या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच केला होता आणि स्नायूच्या तंतूंना इजा होत असावी असं म्हटलं होतं. पुष्कळांना वाटतं की हे 'लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे' होतं. तसं नाही. ते व्यायामानंतर तासा-दोन तासांत निघून जातं.

दिलासा देणारी गोष्ट अशी की स्नायू शिकतो. एकदा उताराचा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने कमी दुखावतो. ब्लँड किंवा मेंढपाळ जॉस नेलर यांचे पाय वर्षानुवर्षं रोजच्या कामातून हे शिकले होते. नेलरने १९७५ मध्ये चोवीस तासांच्या आत, २३ तास २० मिनिटांत, ७२ शिखरं केली. तेही लहानपणापासून पाठीचं दुखणं आणि तरुणपणी शस्त्रक्रिया झालेली असताना. याचा अर्थ पाठदुखीच्या रुग्णांनी उद्यापासून डोंगर पळावा असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की शरीर हळूहळू आणि नियमित दिलेल्या भाराशी जुळवून घेतं, अचानक दिलेल्या भाराशी नाही.

तीन तरुण आणि ओले कपडे

लॅडोचा कडा ज्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये आहे, त्याच डोंगरांत मार्च १९६४ मध्ये 'फोर इन्स' नावाची लांब पल्ल्याची चालण्याची स्पर्धा होती. हवा बिघडली, पाऊस आणि वारा सुरू झाला. धडधाकट असलेले तीन तरुण त्यात दगावले. बर्फाच्छादित शिखर नाही, कडाक्याची थंडी नाही, मग मृत्यू कशाने?

ग्रिफिथ प्यू यांनी याचा शोध घेतला. प्यू हे डॉक्टर आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ. १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायू, पाणी आणि आहार यांचं गणित त्यांनीच मांडलं होतं. त्यांनी कपड्यांची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता मोजली, लोकांना ओल्या कपड्यांत वाऱ्यासमोर व्यायाम करायला लावला. निष्कर्ष साधा आणि भयंकर होता. कपडे ओले झाले आणि वर वारा लागला की त्यांची ऊब बहुतांशी नाहीशी होते. तरीही माणूस वेगाने चालत असेपर्यंत स्नायूंतली उष्णता त्याला तगवते. थकून वेग मंदावला की ती भट्टी विझते आणि शरीराचं तापमान झपाट्याने उतरतं. म्हणजे थंडी आणि थकवा हे दोन वेगळे शत्रू नाहीत, ते एकमेकांचा हात धरून येतात.

पहिली लक्षणं फसवी असतात. माणूस चिडचिड करतो, मागे पडतो, अडखळतो, जीभ जड होते, 'मला बसू द्या' म्हणतो. सोबत्यांना वाटतं की नुसता दमलाय. हेच ते क्षण जेव्हा दुसऱ्या माणसाचे डोळे जीव वाचवतात. आज तिकडच्या बहुतेक डोंगरी शर्यतींत वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट जवळ ठेवणं सक्तीचं असतं. वजन वाढतं म्हणून ते टाळणाऱ्याला बाहेर काढलं जातं.

पाणी : कमीही नको, जास्तही नको

एके काळी धावताना पाणी पिणं दुबळेपणाचं मानत. मग लाट उलटली आणि 'तहान लागण्याआधी, जमेल तितकं प्या' असं सांगितलं जाऊ लागलं. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले डॉ. टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये अतिपाण्यामुळे झालेल्या विषबाधेसारख्या अवस्थेची नोंद केली. रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते, माणूस गोंधळतो, फिट येते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. म्हणून आजचा सल्ला असा : तहानेप्रमाणे प्या, सोबत खारट काहीतरी खा, आणि धावून आल्यावर वजन वाढलेलं असेल तर समजा की पाणी जास्त झालं.

आणखी एक धोका लघवीत दिसतो. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेले रुग्ण बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी अभ्यासले. बाहेर काढल्यावर बरे वाटणारे हे लोक काही दिवसांत मूत्रपिंड बंद पडून दगावत होते. चिरडलेल्या स्नायूंतले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करत होते. झेपणार नाही इतक्या व्यायामानेही स्नायू असेच मोठ्या प्रमाणात तुटू शकतात. लघवी काळ्या चहासारखी दिसली की हा आजार लक्षात घ्यायचा.

'बायकांना झेपणार नाही'

१९२८ च्या ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत झाली आणि 'हे अंतर त्यांना झेपत नाही' म्हणून ती पुढे १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. महिलांची ऑलिंपिक मॅरेथॉन तर १९८४ मध्ये सुरू झाली. या समजुतीला आमच्या पेशातल्या मंडळींनीही खतपाणी घातलं होतं. डोंगराने मात्र वाट पाहिली नाही. १९७७ मध्ये जीन डॉज यांनी बॉब ग्रॅहम फेरी २३ तास ३७ मिनिटांत पूर्ण केली. खुद्द ग्रॅहमपेक्षा दोन मिनिटं कमी!

२०१६ मध्ये जॅस्मिन पॅरिस या पशुवैद्यक महिलेने ती १५ तास २४ मिनिटांत केली. २०२० मध्ये बेथ पास्कॉलने १४ तास ३४ मिनिटांत. याच पॅरिसने जानेवारी २०१९ मध्ये, मुलगी दोन वर्षांचीही नसताना, ४३१ किलोमीटरची 'स्पाइन रेस' ८३ तास १२ मिनिटांत जिंकली. आधीचा विक्रम पुरुषाचा होता, तो तिने बारा तासांनी मोडला. वाटेतल्या थांब्यांवर ती बाळासाठी दूध काढून ठेवत होती. ही वाट लॅडोच्या त्याच कड्यावरून जाते.

तीन दिवसांत झोप अगदी थोडी. शेवटी तिला दगडांतून प्राणी निघताना दिसू लागले होते. हा वेडेपणा नव्हे. झोपेवाचून राहिलेला मेंदू जागेपणीच स्वप्नं पाहू लागतो. असा मेंदू घेऊन गाडी चालवणं किती धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको.

मग वेळ निम्मी झाली कशी?

ब्लँडचा विक्रम ३६ वर्षं टिकला. जुलै २०१८ मध्ये स्पेनमधल्या कॅटलोनियाचा किलियन जॉर्नेट आला आणि त्याने १२ तास ५२ मिनिटांत फेरी पुरी केली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं. वाटा दाखवायला स्थानिक धावपटू आळीपाळीने सोबत होते, आणि मूट हॉलशी त्याचं अभिनंदन करायला बिली ब्लँड स्वतः उभा होता. वेकफील्ड डॉक्टरांची प्रथा शंभर वर्षांनीही तशीच होती. २०२२ मध्ये अमेरिकेच्या जॅक कुंझलने १२ तास २३ मिनिटं अशी वेळ नोंदवली.

२३ तास ३९ मिनिटांवरून १२ तास २३ मिनिटांवर. नव्वद वर्षांत माणसाचं हृदय किंवा स्नायू बदललेले नाहीत. बदललं ते आपल्याला असलेलं शरीराचं भान. किती खायचं, किती प्यायचं, उताराचा सराव कसा करायचा, कधी जाकीट चढवायचं, कुणाला सोबत घ्यायचं. विक्रम करणाऱ्यांनी मर्यादा झुगारून दिल्या असं आपण सहज म्हणतो. डॉक्टर म्हणून मला उलट दिसतं. त्यांनी आपल्या मर्यादा इतरांपेक्षा बारकाईने ओळखल्या. ज्यांनी त्या ओळखल्या नाहीत त्यांच्यासाठी स्ट्रेचर लागलं.

आपल्यासाठी यातून काय?

सह्याद्रीत इंग्लंडइतकी थंडी नाही, पण ऊन आहे, निसरडा कातळ आहे, आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावर भिजलेल्या, दमलेल्या माणसाला वारा इथेही गारठवतो. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

१. वेळ कमी करायची असेल तर आधी उताराचा सराव करा. आठवड्यातून एकदा जिने किंवा छोटी टेकडी सावकाश उतरा. मोठ्या गडाच्या दोन-तीन आठवडे आधी मध्यम उतार करून ठेवा. पाऊल लहान टाका.

२. चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह, रक्तदाब असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर घड्याळ लावण्याआधी तपासणी करून घ्या. श्रमाने छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर तिथेच थांबा.

३. दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका. शरीरात पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडांना त्रास देतात.

४. काळपट लघवी, लघवी न होणं, स्नायूंची प्रचंड सूज, न थांबणारी उलटी, गोंधळलेलं बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर 'झोपल्यावर बरं वाटेल' म्हणू नका. लगेच रुग्णालयात जा.

५. उन्हात पळताना बोलणं असंबद्ध झालं आणि अंग तापलं तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, पाणी ओतून वारा घाला आणि मदत मागवा. गार पडलेल्या माणसाचं उलट : ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, वाऱ्यापासून आडोसा द्या.

६. रात्रीचा ट्रेक किंवा शर्यत करून स्वतः गाडी चालवत परतू नका. आधी झोप, मग चाक.

७. एकटे जाऊ नका. अपघात झालाच तर जखमीला घाईने उचलू नका. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी स्वयंसेवी बचाव पथकं आपल्याकडेही हे काम वर्षानुवर्षं करत आहेत. जाण्याआधी त्या भागातल्या पथकाचा संपर्क जवळ ठेवा.

आणि सोबत्याने "आता पुरे, मागे फिरू या" म्हटलं, तर त्याचं ऐका. गड पुढच्या रविवारीही तिथेच असतो.